आजार लपवला की आरामाचा हक्कही जातो

माझ्या डोक्यावर डाव्या बाजूला, कानाच्या पुढून वर जाऊन मागे वळलेला एक वण आहे. ओढणीखाली तो दिसत नाही. शस्त्रक्रिया होऊन घरी आले तेव्हा आमच्यातल्या मोठ्या माणसांना याच गोष्टीचं सगळ्यात जास्त समाधान वाटलं. "ओढनी है ना, किसकू दिखता?" खाला म्हणाल्या. प्रेमानंच म्हणाल्या. पण माझे पुढचे चार महिने कसे जाणार, हे त्या बोलण्यानं ठरलं. वण झाकला तसा आजारही झाकायचा, असं घरात ठरून गेलं. मला कुणी विचारलं नाही आणि मीही तेव्हा काही बोलले नाही.

आज बोलते आहे, कारण हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही.

मी सोलापुरातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये आठवीच्या वर्गात समास शिकवत होते. फळ्यावर 'द्वंद्व' लिहिलं आणि उजव्या हाताची बोटं आपोआप वळायला लागली. खडू पडला. मुलांना सांगायचं होतं, 'बसा, काही नाही.' तोंडातून शब्दच निघेना. समोरची पोरं दिसत होती, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, फक्त मला बोलता येत नव्हतं. दीड-दोन मिनिटांत सगळं पुन्हा पहिल्यासारखं झालं. ती फिट होती, हे मला नंतर कळलं. फिट म्हणजे माणूस खाली पडून तडफडतो, एवढंच मला तोवर माहीत होतं.

त्याआधी वर्षभर डोकं दुखत होतं. चष्म्याचा नंबर बदलून झाला. पित्ताच्या गोळ्या झाल्या. खडूची धूळ सोसत नसेल, असंही कुणी सांगितलं. नणंदेनं नजर लागली म्हणून तावीज आणून बांधला. तावीज बांधला याचं मला दुःख नाही. तो बांधून तपासणी पुढे ढकलली, याचं आहे. उपचार करा, अल्लाहनं आजारासोबत इलाजही दिला आहे, ही पैगंबरांची शिकवण आपण भाषणात सांगतो. घरातल्या बाईचं डोकं दुखतं तेव्हा मात्र ती आठवत नाही.

एमआरआयमध्ये डाव्या बाजूला साधारण चार सेंटिमीटरची गाठ दिसली. मेनिंजिओमा. हे नाव हार्वे कुशिंग या अमेरिकी शल्यचिकित्सकानं १९२२ मध्ये दिलं. ही गाठ मेंदूच्या आत नव्हे, तर मेंदूभोवतीच्या आवरणातून वाढते आणि मेंदूला दाबत राहते. बहुतेक वेळा ती कर्करोगाची नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तिच्या तीन श्रेणी आहेत आणि बहुसंख्य गाठी पहिल्या, म्हणजे सौम्य श्रेणीच्या निघतात. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये ती जास्त, साधारण दुपटीनं आढळते. वाढ इतकी सावकाश असते की वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. लहान आणि त्रास न देणारी गाठ असेल तर डॉक्टर नुसती लक्ष ठेवायला सांगतात, ठरावीक काळानं पुन्हा एमआरआय करतात. काही ठिकाणी किरणोपचार करतात. माझी गाठ मोठी होती आणि फिट येऊन गेली होती, त्यामुळे शस्त्रक्रिया हाच मार्ग होता.

नोव्हेंबरात हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला गेलो. सहा तास ऑपरेशन चाललं. आठवड्यानं रिपोर्ट आला, पहिली श्रेणी. अम्मीनं शुक्राना नमाज पढली. सगळ्यांनी एकमेकांना फोन केले: 'गाठ निघाली, सुटलो.'

गाठ निघाली होती. पण सुटले नव्हते.

मेंदूत डाव्या बाजूला बहुतेकांचं बोलण्याचं केंद्र असतं. ऑपरेशननंतरची सूज आणि आधीचा दाब, यामुळे माझे शब्द हरवू लागले. चमचा समोर दिसायचा, नाव यायचं नाही. मराठी शब्द शोधला की उर्दू हाती लागायचा, उर्दू शोधला की घरातली दखनी. उजव्या हाताची पकड ढिली झाली होती. लिहायला बसले की उर्दूतले नुक्ते राहून जायचे. बे, पे आणि ते यांच्यातला फरकच नुक्त्यांचा, त्यामुळे वाक्य वाचताच येईना. मराठीत वेलांट्या आणि काने गळायचे. वीस वर्षं पोरांच्या वह्यांत ज्या चुकांवर लाल शाईनं गोल केले, त्याच चुका माझ्या वहीत होत्या. वाचा-उपचार करणाऱ्या ताई चित्रं दाखवून नावं विचारायच्या. "एका मिनिटात भाज्यांची नावं सांगा." पहिल्या दिवशी चार आली. मेथी आठवायला घरी जाऊन जेवायला बसावं लागलं.

त्यात सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडनं झोप उडाली, भूक वाढली, तोंड सुजलं. फिट येऊ नये म्हणून दिलेल्या गोळीनं चिडचिड होऊ शकते, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तशी ती झालीही.

हे सगळं बाहेर कुणालाच माहीत नव्हतं. रजेच्या अर्जाला जोडलेलं प्रमाणपत्र मुख्याध्यापकांपुरतं राहिलं. त्यांनाही घरच्यांनी विनंती केली होती. बाकीच्यांना सांगितलं गेलं की सायनसचं ऑपरेशन झालं. कारण एकच, माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. घरात रिश्त्याच्या गोष्टी सुरू होत्या. "सर का नाम नक्को लेव. लोगां बोलेंगे माँ पागल है, बेटी कू भी होगा." आपल्याकडे डोक्याचा आजार आणि वेड यात लोक फरक करत नाहीत. त्यात फिट म्हटली की माणसं लांबच सरकतात. मेनिंजिओमा बहुतेक वेळा आनुवंशिक नसतो. एनएफ-२ सारख्या दुर्मीळ जनुकीय आजारात तो घराण्यात दिसू शकतो, पण तो अपवाद. हे डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं. पण खोलीच्या बाहेर ते सांगायचं तर आधी आजाराचं नाव सांगावं लागणार होतं.

जानेवारीत शाळेत रुजू झाले. सायनसच्या पेशंटला दोन महिन्यांनी कोण सवलत देईल? पूर्ण तासिका मिळाल्या. ऑफ तासाला बदली तास आले. पन्नास मुलांच्या गोंगाटात डोकं भणभणायचं. मुलांची नावं आठवायची नाहीत. एका मुलीला मी सगळ्यांसमोर इतकं बोलले की ती रडली. तिची चूक एवढीच की तिनं तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला होता. स्टाफरूममध्ये कुजबुज सुरू झाली, "आपा बदल गए. घमंड आ गया." सहकाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांना जेवढं सांगितलं होतं, तेवढ्यावरून त्यांनी अंदाज बांधला.

मार्चमध्ये रमजान आला. डॉक्टरांनी या वर्षी रोजे नकोत म्हणून सांगितलं होतं. गोळ्यांच्या वेळा चुकायच्या नव्हत्या, झोप मोडायची नव्हती, कारण जागरणानं फिट येण्याचा धोका वाढतो. सूरह बकरामध्ये जिथं रोज्यांचा आदेश आहे, तिथंच आजारी आणि प्रवासी यांना सूटही आहे. ती सूट माणसानं मागून घेतलेली नाही, अल्लाहनं दिलेली आहे. पण ज्या बाईला आजारच नाही, ती ही सूट कशी घेणार? शाळेत दुपारी पाणी प्यायले तर उत्तर काय देणार? मी रोजे धरले. गोळी सहरीला आणि इफ्तारनंतर घ्यायची, असं मीच ठरवलं. चौथ्या दिवशी इफ्तारच्या दस्तरख्वानवर खजूर हातात घेतली आणि बोटं पुन्हा वळली. या वेळी ते बोटांवर थांबलं नाही. शुद्ध आली तेव्हा मी जमिनीवर होते. कुणीतरी नाकाला चप्पल लावली होती आणि मुलगी ओरडत होती, "अम्मी कू बाजू पे लिटाव!" सगळ्या घरात तिला एकटीलाच नेमकं काय करायचं ते माहीत होतं. दवाखान्यातला माहितीचा कागद तिनं वाचला होता.

त्या रात्री मी घरच्यांना सांगितलं, आता लपवणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. आजार लपवला की आजारी असण्याचा हक्कही जातो. सावकाश बरं होण्याचा, चुकण्याचा, नाही म्हणण्याचा, रोजा सोडण्याचा, मदत मागण्याचा. हाड मोडलं तर प्लास्टर दिसतं, लोक दार उघडून देतात. मेंदूला प्लास्टर नसतं. तिथं आपण बोललो तरच लोकांना कळतं. न बोलता 'समजून घेत नाहीत' अशी तक्रार करणं मला नंतर खोटं वाटू लागलं.

दुसरी बाजूही मला कळते. प्रत्येकानं आपला रिपोर्ट मोहल्ल्यात वाचून दाखवावा, असं मी म्हणत नाही. कुणाला सांगायचं, किती सांगायचं, हा ज्याच्या डोक्यावर टाके आहेत त्याचा अधिकार. एखादीनं विचार करून गप्प राहायचं ठरवलं तर तो तिचा पर्दा, त्याचा मान राखायला हवा. पण इतरांनी तिच्या वतीनं गप्प राहायचं ठरवलं, तर तो पर्दा राहत नाही, ती कोंडी होते. आणि घरच्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. मी शाळेत सांगितल्यानंतर एक स्थळ पुन्हा आलं नाही. कारण तेच होतं का, कुणी बोललं नाही. मुलगी म्हणाली, "अच्छा हुआ, अब्बीच मालूम पड गया." मला तरी दोन रात्री झोप लागली नाही. ही किंमत आहे, ती नाही असं सांगून मी कुणाला फसवणार नाही.

पण मिळालं तेही सांगते. मुख्याध्यापकांनी सकाळच्या चारच तासिका ठेवल्या. स्टाफरूममधल्या दोघींनी माझे पेपर तपासायला घेतले. आठवीच्या वर्गाला मी सरळ सांगितलं की माझ्या डोक्याचं ऑपरेशन झालं आहे, शब्द अडला तर मदत करा. तेव्हापासून मी अडले की पोरं शब्द सुचवतात आणि बरोबर आला की खूश होतात. जिला रडवलं होतं, तिची माफी मागितली. आणि हळूहळू माणसं येऊ लागली. एका विद्यार्थ्याचे अब्बा आले. त्यांच्या बायकोला सहा महिन्यांपासून झटके येत होते आणि ते एका आमिलकडे फेऱ्या घालत होते. मी त्यांना न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. मी गप्प राहिले असते तर ते माझ्याकडे आलेच नसते.

म्हणून काही गोष्टी स्पष्ट लिहिते. पहिल्यांदाच फिट आली, वाचा अडखळली, हातपाय कमजोर झाला किंवा डोकेदुखीची तऱ्हा बदलली, तर आधी डॉक्टर. दुआ सोबत चालू द्या. फिट आलेल्या माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, किती वेळ चालली ते घड्याळात बघा. तोंडात चमचा घालू नका, नाकाला कांदा-चप्पल लावू नका. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर लगेच दवाखाना गाठा. गोळी बरं वाटतंय म्हणून स्वतःहून बंद करू नका. पैशाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदूच्या शस्त्रक्रियाही येतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. रोज्याबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा. कुणाला जमेल, कुणाला नाही, हे गोळ्यांवर आणि आजारावर ठरतं. भेटायला जाल तेव्हा दहा मिनिटं बसा आणि "तुझ्याकडे बघून तर काही वाटतच नाही" असं म्हणू नका. ते कौतुक असतं हे मला कळतं, पण ऐकणाऱ्याला ते 'मग उठ आणि कामाला लाग' असं ऐकू येतं.

आमच्या मशिदींत जुम्याच्या खुत्ब्यात सब्राबद्दल खूप सांगितलं जातं. एखाद्या जुम्याला हेही सांगावं की आजार हा गुन्हा नाही आणि आजारी माणसाला मिळालेली सूट ही अल्लाहची नेमत आहे, तिच्याकडे संशयानं बघणं चूक आहे. आपल्या शाळांनी निदान एवढं करावं की मोठ्या शस्त्रक्रियेनंतर परतलेल्या शिक्षकाला पहिले काही महिने कमी तासिका द्याव्यात आणि त्यासाठी त्याला हात जोडायला लावू नयेत.

ऑपरेशनला वर्ष झालं तेव्हाच्या एमआरआयमध्ये गाठ पुन्हा दिसली नाही. तरी दरवर्षी तपासणी आहेच, गोळीही अजून चालू आहे. संध्याकाळपर्यंत थकले की शब्द अजून अडतात. त्या वर्षीचे राहिलेले रोजे डॉक्टरांच्या सल्ल्यानं पुढच्या थंडीत, दिवस लहान असताना, एकेक करून धरले. वण ओढणीखालीच आहे, कारण ओढणी मी आधीपासून घेते. पण आता कुणी विचारलं, "आपा, क्या हुआ था?" तर मी सायनस म्हणत नाही.