छातीत कळ आली तर जायचं कुठे?

फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस इटलीतल्या लोम्बार्डी प्रांतात करोनाचे रुग्ण झपाट्याने वाढले आणि हृदयविभागांतल्या खाटा, परिचारिका, भूलतज्ज्ञ तिकडे वळवावे लागले. मार्चच्या सुरुवातीलाच प्रांतिक सरकारने हृदयविकाराच्या तातडीच्या उपचारांसाठी १३ केंद्रं ठरवून दिली. तिथे चोवीस तास पथक सज्ज ठेवायचं, करोनाच्या संशयितांची वाट वेगळी ठेवायची, आणि इतर रुग्णालयांनी झटक्याचे रुग्ण तिकडे धाडायचे, अशी ही योजना. ती योग्यच होती. पण अशी फेररचना रुग्णालयाच्या दारापाशी थांबली तर अर्धीच राहते, कारण घातक उशीर दाराबाहेर होत असतो.

देशभरातल्या ५४ इटालियन रुग्णालयांनी मार्च २०२० मधल्या एका आठवड्याची आदल्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी तुलना केली. झटक्याचे रुग्ण जवळपास निम्म्याने घटले होते. रक्तवाहिनी पूर्ण बंद होणाऱ्या गंभीर प्रकारात दगावणाऱ्यांचं प्रमाण मात्र ४.१ टक्क्यांवरून १३.७ टक्क्यांवर गेलं होतं. टाळेबंदीत धावपळ थांबली, हवा निवळली, म्हणून झटकेच कमी आले असतील, असं कुणी म्हणेल. थोडे कमी आलेही असतील. पण मग जे पोहोचले त्यांच्यातले मृत्यू तिपटीने का वाढावेत? लोक संसर्गाच्या भीतीने कळ सोसत घरी बसले आणि अगदी असह्य झाल्यावर निघाले, हाच अर्थ मला अधिक पटतो. लोम्बार्डीतल्या चार जिल्ह्यांत त्या सुमारास रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडण्याच्या घटना २२९ वरून ३६२ झाल्या. या वाढीतल्या बहुतेकांना करोना झालेला होता किंवा तसा संशय होता, हे लपवून चालणार नाही. त्यामुळे हा आकडा एकट्या उशिराच्या माथी मारता येत नाही.

मोजकी केंद्रं म्हणजे लांबचा प्रवास, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. निदानानंतर साधारण १२० मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टी होणार नसेल, तर आधी गुठळी विरघळवणारं औषध द्यावं, असा वैद्यकाचा प्रस्थापित नियम आहे. तेव्हा कोणत्या गावातून रुग्णाला थेट केंद्रात न्यायचं आणि कुठे आधी इंजेक्शन द्यायचं, हे नकाशावर आधीच ठरलेलं हवं. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरला रात्री दोन वाजता फोनाफोनी करायला लागू नये. केंद्रं पूर्ण करोनामुक्त ठेवावीत ही मागणीही टिकत नाही. लोम्बार्डीत करोना असलेल्या आणि ईसीजीवर मोठा झटका दिसणाऱ्या २८ रुग्णांपैकी ११ जणांच्या रक्तवाहिनीत अडथळाच सापडला नाही. कॅथ लॅबमध्ये नेऊन रक्तवाहिन्या तपासल्याशिवाय हे उलगडणार नव्हतं. म्हणजे दोन्ही आजारांची तयारी एकाच छपराखाली, पण वेगळ्या वाटांनी लागते.

खाटा अपुऱ्या असताना केंद्रं उघडी असल्याची जाहिरात कसली करायची, असं प्रशासन विचारेल. पण हृदयविभागाच्या खाटा काढून घेणाऱ्या आदेशातच उघड्या केंद्राचं नाव आणि फोन नंबर छापायला काय खर्च येतो? महाराष्ट्रात १०८ हा क्रमांक लोकांच्या तोंडी आहेच. 'छातीत दुखलं तर थांबू नका, इथे तुमच्यासाठी वेगळी वाट आहे' हे त्याच दिवशी रेडिओवर, गावच्या दवंडीत, आशाताईंच्या तोंडून घरोघरी पोहोचायला हवं. आणि कळ सुरू झाल्यापासून पहिला फोन येईपर्यंत किती वेळ गेला, हे दर आठवड्याला मोजायला हवं. झटक्याचे रुग्ण अचानक घटले, तर खाटा सुटल्या म्हणून हायसं न वाटता त्याच दिवशी चौकशी सुरू व्हावी: ते घरी का थांबलेत?