गाडी ऑफिससाठी घ्यायची की कोकणासाठी?

आमच्या नातेवाईकांत गाडीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला. "इलेक्ट्रिक घेतली आणि कोकणात जाताना मधेच चार्जिंग संपलं तर?" विचारणारा माणूस कोकणात वर्षातून दोनदा जातो, गणपतीत आणि मे महिन्यात. उरलेलं वर्षभर तो कोथरूडहून हिंजवडीला जातो आणि परत येतो. पण गाडी निवडायची ती त्या चार दिवसांसाठी! लग्नात लागतो म्हणून रोज शालू नेसून मंडईत जावं, तसला हा प्रकार.

डिझेलवाल्यांनी रागावू नये (घरातच दोघं आहेत, त्यामुळे जरा जपूनच लिहितोय), पण "डिझेल स्वस्त पडतं" हे वाक्य आता जुनं झालं. सरकार डिझेलचा भाव धरून ठेवत होतं तेव्हा ते खरं होतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये तो सोडला आणि गणित बदललं. मग एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, आणि त्याच सुमारास मारुतीने डिझेल गाड्या बंदच करून टाकल्या. उगाच नाही केल्या. नव्या डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी एक गाळणी असते, डीपीएफ म्हणतात तिला. गाडी मोकळ्या रस्त्यावर वेगाने बराच वेळ पळाली की धूर तापतो आणि ती काजळी जळून जाते. वाकडच्या चौकात वीस मिनिटं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणाऱ्या गाडीत ती जळणार कशी? मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि गाळणी साफ व्हावी म्हणून माणूस रविवारी एक्सप्रेसवेवर गाडी फिरवून आणतो. गाडी आपल्यासाठी की आपण गाडीसाठी?

"मग प्लग-इन हायब्रिड. दोन्हीचे फायदे!" हे बहुधा परदेशी राहणाऱ्या भाचे कंपनीकडून येतं. आपल्याकडे त्या आजवर बहुतेक महागड्या परदेशी गाड्यांतच मिळत आल्यात. (इनोव्हा हायक्रॉस ही प्लग-इन नव्हे. तिला वायर लावायची सोयच नाही. हे मी तीन जणांना समजावून थकलो.) युरोपात मात्र त्या चिकार खपल्या. युरोपियन कमिशनने २०२४ मध्ये गाड्यांमध्येच नोंदलं गेलेलं इंधन मोजून पाहिलं, तर कागदावरच्या आकड्याच्या साधारण साडेतीन पट निघालं. कारण सरळ आहे, लोक वायर लावतच नाहीत. मग बॅटरी आणि मोटरचं ओझं वाहणारी ती एक महागडी पेट्रोल गाडीच झाली. आणि जो रोज इमाने-इतबारे वायर लावेल, त्याला ते इंजिन हवंय कशाला?

आता इलेक्ट्रिक. ३५ किलोमीटरच्या रोजच्या फेरीला पाच-सहा युनिट लागतात. गिझरला असतो तसल्या १५ अँपिअरच्या पॉइंटवर तासाला तीनेक युनिट भरतात. म्हणजे दोन तास. तुम्ही झोपलेले असता. युनिटला १२ रुपये धरले तरी किलोमीटरला दोन रुपयांच्या आत. डिझेल ९० रुपये आणि गर्दीत १४चं मायलेज धरा, सहाच्या वर जातं. वीज कोळशाचीच ना, असं कोणीतरी म्हणेलच. आहे, बरीचशी कोळशाचीच आहे. पण निदान ती काजळी शाळेच्या फाटकाशी उभ्या पोरांच्या नाकात जात नाही. आणि कोकण? ४५ युनिटची बॅटरी तीनशेच्या आसपास नेते. वाटेत एकदा चार्जिंगला थांबावं लागेल. गणपतीच्या गर्दीत तिथे रांगही असेल, खोटं कशाला बोलू.

खरी अडचण घाटात नाही, सोसायटीच्या पार्किंगमध्ये आहे. स्वतःच्या मीटरवरून स्वतःच्या जागेत एक पॉइंट ओढायचा, तर कमिटी म्हणते "पुढच्या एजीएमला ठेवू". आग लागेल, लोड वाढेल, उद्या सगळेच मागतील... ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय, की घरच्या असलेल्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते. लोडची काळजी रास्त आहे. पण ती वायरमन बोलावून मिटते, ठराव लांबणीवर टाकून नाही. तेव्हा शोरूममध्ये जायच्या आधी सेक्रेटरीकडे जा. पॉइंट मिळत नसेल तर इलेक्ट्रिकचा हट्ट मीही धरणार नाही. रोज रात्री बाहेर चार्जर शोधत हिंडणं हा काही संसार नव्हे. अशाने साधी पेट्रोल किंवा सीएनजी घ्यावी.

आणि डिझेल? आमचे एक भाऊजी बियाण्यांच्या कामासाठी लातूर, बीड, परभणी असे रोज दोन-अडीचशे किलोमीटर फिरतात. त्यांनी खुशाल घ्यावी.