ठिणगी कोठे अडली?

सोलापूरच्या जैन घराण्यात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील पद्मिनी मोटार काही व्यापारी घरांत आजही वडिलांची आठवण म्हणून जपलेली आढळते.

आंबा घाटाच्या अलीकडील मलकापुरात चातुर्मासातील पावसाळी सकाळी अशी गाडी हटून बसते. स्टार्टर इंजिन फिरवतो, पण ते पेट घेत नाही. घाईने कॉइल, प्लग, कंडेन्सर असे सारे एकदम बदलले, तर खर्च होतो आणि मूळ दोष कळत नाही. तोच पुढे भर घाटात अडवतो.

तेरीज जुळली नाही, तर जाणता मुनीम एकेक नोंद पडताळतो. येथेही तोच क्रम ठेवावा. प्रथम इग्निशन बंद करून डिस्ट्रिब्युटरचे झाकण आतून कोरडे पुसावे. ओलाव्यामुळे वीज भलत्या वाटेने निसटते. तरीही गाडी सुरू न झाल्यास कॉइलच्या मधल्या वायरीची ठिणगी मिस्त्रीकडून पाहून घ्यावी. ती निळी व जोरकस असेल, तर दोष झाकण, रोटर, वायरी वा प्लगमध्ये शोधावा. ठिणगीच नसेल, तर पॉइंट, कंडेन्सर व कॉइल तपासावे. पॉइंट वारंवार जळत असल्यास कंडेन्सरवर, गाडी तापल्यावर बंद पडून निवल्यावर सुरू होत असल्यास कॉइलवर संशय घ्यावा. पेट्रोलचा वास येत असताना ही परीक्षा कदापि करू नये.

वडिलांची गाडी भंगारात देण्यापूर्वी एवढी पडताळणी अवश्य व्हावी. कित्येकदा पॉइंटवरील काजळी पुसताच इंजिन पुन्हा बोलू लागते.