आपले वल्हे आपल्या मापाचे

फळीवर उभे राहून एकाच लांब वल्ह्याने पाणी कापीत जाण्याचा जो खेळ अलीकडे गोव्याच्या किनाऱ्यावर आणि मालवण-तारकर्लीच्या पाण्यावर रुजू लागला आहे, त्याचे बहुतेक साहित्य बाहेरून येते. फळीचे एक वेळ समजू शकते. परंतु जेथे पिढ्यान्‌पिढ्या लाकडी होड्या बांधल्या गेल्या, त्या किनाऱ्याने साधे वल्हेही परक्या बाजारातून आणावे, ही गोष्ट मला फार खेदाची वाटते. ज्याला हा खेळ मनापासून खेळावयाचा आहे, त्याने आपले पहिले वल्हे लाकडाचे आणि आपल्या हाताने घडवावे, आणि ज्याला ते साधणार नाही त्याने ते गावच्या सुताराकडून करून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या खेळाचा पूर्वेतिहासही याच मताला पुष्टी देतो. विसाव्या शतकाच्या मध्यास हवाई बेटांत, वाइकीकीच्या किनाऱ्यावर, लाटांवर स्वार होण्याची विद्या शिकविणारी काही मंडळी होडीचे वल्हे हाती घेऊन फळीवर उभी राहत, म्हणजे शिकाऊंवर नजर राही आणि येणारी लाट दुरून दिसे. पुढे 2000 सालाच्या आगेमागे लेअर्ड हॅमिल्टन प्रभृती लाटस्वारांनी माउई बेटावर या प्रकाराचे पुनरुज्जीवन केले, तेव्हा बसून मारावयाचे वल्हे तोकडे पडू लागले. आणि लांब वल्हे बाजारात मिळत नसल्यामुळे ते तेथल्याच कारागिराकडून घडवून घ्यावे लागले. त्या बेटांच्या होड्यांना जशी उलांडी असते तशी ती कोकणातल्या होड्यांनाही असते. तेव्हा हे काम आमच्या कारागिरांच्या हाताला अगदीच परके आहे, असे मानण्याचे कारण नाही.

वल्ह्याचे माप खेळाडूच्या शरीरावरून ठरते. संथ पाण्यासाठी त्याची लांबी उंचीहून 20 ते 25 सेंटिमीटर अधिक धरावी. म्हणजे 165 सेंटिमीटर उंचीच्या माणसाला 185 ते 190 सेंटिमीटरचे वल्हे योग्य होय. पाते सुमारे 20 सेंटिमीटर रुंद असावे आणि दांड्याशी सुमारे 10 अंशांचा कोन करून ते पुढच्या दिशेस कललेले असावे. नवखी माणसे हा कल आपल्याकडे करून वल्हे उलटे धरतात आणि पाणी वर उचलण्यात शक्ती दवडतात. लाकडाची निवड ही सर्वांत महत्त्वाची बाब. सागवान टिकाऊ खरे, पण जड आणि तेलकट. त्याचे सबंध वल्हे केल्यास पाईनच्या वल्ह्यापेक्षा ते सहज 200 ग्रॅमने अधिक भरेल, आणि मिनिटाला 35 फटके धरले तर तासाभरात तो भार दोन हजारांहून अधिक वेळा उचलावा लागेल. म्हणून दांडा आणि पात्याचा गाभा सरळ रेषांच्या, गाठीविरहित पाईनचा करावा, आणि सागवान पात्याच्या कडेपुरते, जेथे वाळू आणि खडक घासतात तेथे, पट्टीच्या रूपाने लावावे.

खरे कौशल्य दांड्यात आहे. पातळ पट्ट्या एकमेकींना चिकटवून, शिकंज्यांत आवळून तयार झालेला चौकोनी दांडा गोल करावयाचा, तर प्रथम त्याच्या प्रत्येक बाजूचे 24 भाग कल्पून 7, 10 आणि 7 अशा रेघा ओढाव्यात, आणि रंध्याने कोपरे त्या रेघांपर्यंत उतरवावेत, की नेमका अष्टकोन हाती येतो. त्यापुढे कोणतीही रेघ उपयोगी पडत नाही. आठाचे सोळा कोन करताना डोळा मिटून दांड्यावरून मूठ फिरवावी. जेथे उंचवटा असेल तेथे तळहात थबकतो, आणि रंध्याचे पाते तेवढ्याच जागी हलकेच चालवावे. अखेरीस आपल्या मुठीच्या मापाचा किंचित लंबगोल दांडा उतरतो. नळीसारख्या एकसाच्या दांड्यात ती सोय नसते. पात्यावर काचतंतूचे पातळ कापड इपॉक्सीने बसवून, उन्हाने इपॉक्सी खराब होऊ नये म्हणून वरून उन्हात टिकणारे व्हार्निश द्यावे. पात्याच्या टोकाशी, जेथे लाकडाच्या नसा उघड्या पडतात, तेथे विशेष काळजी घ्यावी, कारण पाणी प्रथम तेथूनच शिरते. चिकटवण्याचे काम पावसाळ्यात मुळीच काढू नये. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, तो काळ उत्तम.

कार्बनचे वल्हे याहून हलके असते आणि शर्यतीत उतरणाऱ्याने ते अवश्य घ्यावे, यात वाद नाही. परंतु सकाळी खाडीत तासभर फिरणाऱ्याला त्याची गरज नाही. लाकडी वल्ह्याला चीर पडली तर ती चिकटवता येते, कड झिजली तर नवी पट्टी बसवता येते. शिवाय फायबरच्या होड्या आल्यापासून ज्या सुतारांचे काम घटले, त्यांच्या रंध्याला आणि पटाशीला यातून पुन्हा काम मिळेल.

म्हणून किनाऱ्यावरील जलक्रीडा-केंद्रांच्या चालकांना माझी विनंती आहे की, पुढील हंगामाच्या खरेदीची यादी मंजूर करताना त्यांनी निदान काही वल्ह्यांचे काम गावच्या सुताराला द्यावे, त्याचा योग्य मोबदला विनाविलंब चुकता करावा, आणि वल्ह्यांच्या दुरुस्तीचे कामही त्याच्याकडेच सोपवावे.