झुरळ खादाड, ढेकूण उपाशी

घरात झुरळ दिसो की ढेकूण निघो, आपण एकच औषध आणून फवारतो. पैसे जातात, कीड राहते. आमचे म्हणणे असे, की आधी किड्याची जगण्याची रीत पाहावी. दोघेही फटीत लपणारे, पण रीत अगदी उलटी.

स्वयंपाकघरातले लहान तपकिरी झुरळ काहीही खाते. खरकटे, साबण, पुस्तकाची खळसुद्धा. मादी तीस-चाळीस अंड्यांची पिशवी पोटाच्या टोकाला धरून हिंडते, पिल्ले निघायच्या सुमारास सोडते. गोड आमिषात विष घालून मारू लागल्यावर काही झुरळांच्या पिढ्यांनी ग्लुकोज खाणेच सोडले! मात्र याला पाणी लागते. अन्नावाचून ते महिनाभर काढील. पाण्यावाचून जेमतेम दोन आठवडे. म्हणून रात्री मोरी आणि ओटा कोरडा करावा, गळका नळ बांधावा, खरकटे झाकावे. निम्मे काम तिथेच होते.

ढेकणाला खरकट्याशी घेणे नाही. त्याचे अन्न एकच, रक्त. मोठा होईपर्यंत तो पाच वेळा कात टाकतो आणि दर वेळी आधी रक्त प्यावेच लागते. पण उपासाला तो पक्का. महिनोन्महिने फटीत पडून राहतो. म्हणून महिनाभर खोलीला कुलूप लावून गावी गेलो, तरी परतल्यावर तो हजर! त्याचे वर्म उष्णतेत आहे. पन्नास अंशांपुढे तो आणि त्याची अंडी टिकत नाहीत. चादरी, कपडे उकळत्या पाण्यात घालावेत. मुलांना दूर ठेवून लोखंडी खाटेच्या सांध्यांत उकळते पाणी ओतावे. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच करावे. गादी नुसती उन्हात टाकून भागत नाही. ढेकूण आतल्या बाजूला सरकतो.

शेतातले औषध किंवा धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या मात्र घरात कधीही वापरू नयेत. त्या गोळ्यांतून निघणारा वायू झोपलेल्या माणसाचा जीव घेतो.

आणखी एक. ढेकूण निघाले म्हणून कित्येक घरांत पाहुण्याला मुक्कामाला थांब म्हणायची चोरी होते. ढेकूण घाणीवर जगत नाही. सामानातून, जुन्या खाटेतून तो स्वच्छ घरातही शिरतो. लाज धरून लपवले, तर त्याचेच फावते. शेजाऱ्यांना सांगावे आणि सगळ्या खोल्यांत एकाच दिवशी उपाय करावा. भिंतीच्या फटीतून तो पलीकडेही जातो.