कळला नाही तो इशारा कसला?

2019 चा ऑगस्ट. बेळगावात पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. शहापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी आलं, तेव्हा मी बारावीत होतो. अंधार पडता पडता भोंग्याची गाडी आली, कन्नडमधून काहीतरी सांगत पुढे निघून गेली. आज्जीला बाजारापुरतं कन्नड येतं. ती दारातून विचारत होती, "काय सांगूलायत रे ते?" माझं कन्नड शाळेतलं. त्या पावसात, त्या भोंग्यातून मलाही अर्धंच कळलं. शेवटी समोरचे काका आले. घरात कन्नड बोलणारे, आमच्याशी मराठी. "आज्जी, रात्री पाणी वाढणार म्हणतात, शाळेत चला," म्हणाले आणि तिचं गाठोडं उचललं.

काका घरी होते म्हणून निभावलं. नसते तर? शेजारधर्म मोठाच, पण त्याच्या भरवशावर पाच लाखांचं शहर सोडता येत नाही.

मित्रांनो, पूर आला की आपण सगळे धावतो. पोहे वाटतो, चादरी गोळा करतो, व्हिडिओ टाकतो. चांगलंच आहे. पण पुरात कोण बुडणार हे त्या रात्री ठरत नाही. ते आधीच्या कोरड्या वर्षांत, कागदावर ठरतं. बळ्ळारी नाल्याचंच बघा. पावसाळा आला की शहापूर-वडगावच्या शिवारात त्याचं पाणी पसरतं आणि भात कुजतं. गाळ, जलपर्णी, सखल जमिनीवर टाकलेला भराव, सगळं सगळ्यांना माहीत आहे. तरी जून उजाडला की आपण नव्यानं चकित होतो.

हे कागद कुठले ते सांगतो. पहिला, जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा. 2005 च्या कायद्यानं तो जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या प्राधिकरणानं करायचा आणि दरवर्षी त्याचा आढावा घ्यायचा. दुसरा, शहराचा मास्टर प्लॅन. कर्नाटकच्या 1961 च्या नगररचना कायद्यात तो दर दहा वर्षांनी सुधारायची तरतूद आहे. नाल्याकाठी प्लॉट पडणार की शिवार राहणार, हे तिथं ठरतं. त्यावर लोकांच्या हरकती मागवल्या जातात, पण आपल्यातले किती जण पाठवतात? तिसरा कागद नवा आहे. 2025 च्या दुरुस्तीनं महापालिका असलेल्या शहरासाठी वेगळं नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण नेमण्याची मुभा राज्य सरकारला दिली. अध्यक्ष महापालिका आयुक्त, उपाध्यक्ष जिल्हाधिकारी. बेळगावला महापालिका आहे, 58 वॉर्ड आहेत. म्हणजे शहराचा स्वतःचा आराखडा मागायला आता कायद्याचा आधार आहे.

त्या आराखड्यात भाषेचं पान हवं. हा अस्मितेचा मुद्दा नाही, पंप आणि बोटीइतका साधा कामाचा मुद्दा आहे. इशारा पाठवला म्हणून काम संपत नाही. ऐकणाऱ्याला कळला आणि तो वेळेत उठला, तरच तो इशारा. भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेल्या संरक्षणांतही हे आहेच: जिथं 15 टक्के किंवा जास्त लोक अल्पसंख्याक भाषेचे, तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही द्याव्यात. फोनवर गजर वाजवून येणाऱ्या इशाऱ्याचा मजकूरही एकापेक्षा जास्त भाषांत पाठवता येतो. कन्नड असूच दे, सोबत मराठी असू दे, उर्दू असू दे. कन्नड काढा असं कुणीच म्हणत नाही. माझ्या आज्जीला उचलायला आलेला माणूस कन्नडच होता.

मग आपण करायचं काय? पावसाळ्याची वाट न बघता, या हिवाळ्यात तीन कामं. एक, दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाकून चालू आराखड्याची प्रत मागा आणि आपल्या वॉर्डाचं नाव त्यात शोधा. निवाऱ्याची शाळा कुठली, तिथपर्यंतचा रस्ता पाण्याखाली जातो का, बघा. दोन, नगरसेवकाला लेखी विचारा: नागरी प्राधिकरण नेमलं का, इशारे कुठल्या भाषांत जाणार? तोंडी विचारलेलं विसरलं जातं. तीन, गल्लीतल्या एकट्या म्हाताऱ्यांची, अंथरुणाला खिळलेल्यांची यादी करा. यादी करताना घरात कुठली भाषा बोलतात हे बघू नका, फक्त लिहून ठेवा. भोंगा कळला नाही, तर त्या दारात कुणी जायचं हे ठरलेलं असेल.

काका आता थकलेत, गुडघे दुखतात. पुढच्या पुरात गाठोडं उचलायची पाळी आपली आहे. पण त्याआधी त्यांना आणि आज्जीला, दोघांनाही एकाच वेळी कळेल असा भोंगा वाजायला हवा. तो कागदावर यायला दोन-तीन वर्षं लागतील. म्हणूनच अर्ज या आठवड्यात जायला हवा.