जेवणाचे पैसे आधी, भूक नंतर

परवा रात्री जेवणं आटोपली आणि ह्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. ‘अगं, हे बघ. तिकिटाबरोबर जेवणाचं पॅकेज. नाश्ता, दुपारचं जेवण, संध्याकाळचा चहा-नाश्ता, सगळं त्यातच. तुला डबे करायला नकोत. घेऊन टाकू?’ मुलांनी थीम पार्कचं नाव आधीच ठरवलं होतं. ‘तुला डबे करायला नकोत’ हे ऐकून माझाही हात ‘हो’ म्हणायला वर आला होता. पण तेवढ्यात एक जुनी सहल आठवली.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका रिसॉर्टवर एक दिवसाच्या पिकनिकला गेलो होतो. माणशी पैसे आधीच भरलेले. बोईसरहून निघायला उशीर झाला आणि पोहोचलो तर नाश्ता संपलेला. आईंची, म्हणजे सासूबाईंची, संकष्टी होती. त्यांच्या ताटाचे पैसे पूर्ण आणि पोटात दोन केळी! आणि मी? ‘पैसे भरलेत, वाया कशाला घालवायचे’ म्हणून मुलांनी टाकलेलंही संपवलं आणि दुसरा दिवस ओव्याच्या पाण्यावर काढला. मैत्रिणींनो, हे फक्त माझंच झालं असेल असं मला वाटत नाही.

आपल्या मुंबई परिसराला मोठ्या पार्कची ओळख १९८९ साली गोराईच्या एस्सेल वर्ल्डने करून दिली. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका आलं. तेव्हापासून अशी सहल म्हणजे दोन तासांची मजा राहिली नाही, पूर्ण दिवसाचा किंवा मुक्कामाचाच बेत झाला. दिवसभर आत राहायचं तर खावं लागणारच. आणि अशा बऱ्याच ठिकाणी बाहेरचे पदार्थ आत नेता येत नाहीत. म्हणून जेवणाची योजना विकली जाते.

याबाबत कायदा काय म्हणतो? जुलै २०१८ मध्ये मल्टिप्लेक्समध्ये बाहेरचे पदार्थ न्यायला बंदी नाही असं आपल्या सरकारने विधिमंडळात सांगितलं, तेव्हा आपण किती खूश झालो होतो! पण ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सिनेमागृहाचा मालक बाहेरचे पदार्थ आणायला मनाई करू शकतो. मात्र पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यायला हवं आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवायचं नाही. हा निकाल सिनेमागृहांपुरता आहे. पण खासगी जागेचा मालक अशी अट घालू शकतो हे त्यातून कळतं. म्हणून दारात वाद घालण्यापेक्षा आधीच फोन करून विचारलेलं बरं. घरात बाळ असेल, कुणाला मधुमेह असेल, तर त्यांच्या खाण्याचं काय, पाणी कुठे भरून मिळेल, हे नक्की विचारा.

आता पॅकेजचं गणित. ते ठरवणारा आपल्या घरातली भूक बघत नाही. एक माणूस सरासरी किती खाईल ते बघतो. कमी खाणाऱ्याच्या पैशातून जास्त खाणाऱ्याचं ताट भरतं, आणि कुणी जेवलंच नाही तर ते पैसे गल्ल्यात राहतात. हे जगभर असंच आहे. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डने २००५ मध्ये अशी योजना सुरू केली, २०२० मध्ये कोविडमुळे थांबवली आणि जानेवारी २०२४ पासून पुन्हा आणली. तिथला नियम ऐका. एका खोलीतल्या तीन वर्षांवरच्या सगळ्यांनी योजना घ्यायची आणि मुक्कामाच्या सगळ्या रात्रींची घ्यायची. घरातल्या एका खादाडासाठी घेतली, बाकीच्यांनी नाही, असं चालत नाही.

आपल्याकडे मेसचा हिशेब यापेक्षा शहाणा होता. आमच्या तारापूर एमआयडीसीत बाहेरगावची कितीतरी मुलं मेसवर जेवतात. महिन्याचे पैसे आधी भरायचे, पण गावाला जाणार असं वेळेवर सांगितलं की तेवढ्या दिवसांचा ‘खाडा’ धरून पैसे वजा होतात. केळव्याच्या घरगुती जेवणाचंही तसंच. सकाळी फोन करून ‘ताटं किती’ ते सांगायचं, तेवढाच स्वयंपाक होतो. पार्कच्या पॅकेजबद्दल माझा पहिला प्रश्न आता हाच असतो, यात खाडा मिळतो का? बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असंच येतं.

मग मी वही काढली. आकडे समजायला सोपे म्हणून गोल धरलेत. मोठ्यांना ९०० रुपये, लहानांना ६००. आमचा तेरा वर्षांचा मुलगा मोठ्यांत मोडला, कारण काही ठिकाणी वय बघतात, काही ठिकाणी उंची. म्हणजे चार मोठे आणि एक लहान, ४२०० रुपये. आता आमचा खरा दिवस बघा. पहाटे निघून चिल्हार फाट्याला हायवेला लागलो तरी पुढे घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये किती वेळ जाईल, देव जाणे! म्हणजे पार्कातला नाश्ता हुकलाच म्हणून समजा. वाटेतलं खाणं ४०० धरलं. दुपारी आम्हा दोघांच्या थाळ्या ८००, आईंचा डोसा २५०, मुलाचा बर्गर वगैरे ३५०, धाकटी दोनशेच्या पुढे खात नाही, झाले १६००. संध्याकाळी चहा, आइस्क्रीम माणशी १५० म्हणजे ७५०. एकूण २७५०. पॅकेजपेक्षा १४५० रुपये कमी. शिवाय पाळण्यांवर बसायचं तर पोट भरून कोण जेवतं?

पण म्हणून पॅकेज वाईटच असतं असंही नाही हं. पालघरला माझा भाऊ राहतो. घरात तीन वाढती मुलं, आणि ते पार्कच्या हॉटेलात एक रात्र राहणार आहेत. रात्री लहान मुलांना घेऊन बाहेर जेवायला शोधत फिरण्यापेक्षा त्यांना भरलेलं जेवणच परवडेल. हॉटेल घेताना ती अक्षरं तेवढी समजून घ्या. ‘ईपी’ म्हणजे फक्त खोली, ‘सीपी’ म्हणजे खोली आणि नाश्ता, ‘एमएपी’ म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, ‘एपी’ म्हणजे तिन्ही वेळचं. दिवसभर पार्कात असाल तर ‘एपी’तलं दुपारचं जेवण हॉटेलातच राहून जाईल.

पैसे भरण्यापूर्वी एवढं विचाराच. जेवण कोणत्या वेळेत आणि कोणत्या हॉटेलात? कर धरून की वेगळा? कूपनचे पैसे उरले तर परत मिळतात का? उपवासाचं, जैन मिळतं का? सहल रद्द झाली तर काय? उत्तरं लेखी घ्या, पावती जपा. कबूल केलेलं मिळालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. म्हणजे पार्क कुठेही असो, आपल्याला तिकडे खेटे घालायला नकोत.

वही मिटताना मात्र एक आकडा त्यात नाही हे लक्षात आलं. पहाटे अडीचला उठून पुऱ्या तळणारी बाई! डबे नेले की पैसे वाचतात असं आपण म्हणतो, तेव्हा तिची झोप फुकटात धरतो. ‘तुला डबे करायला नकोत’ हे वाक्य म्हणूनच इतकं गोड लागतं, आणि विकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं.

शेवटी आमचं ठरलं ते असं. पॅकेज नाही आणि पहाटेच्या पुऱ्याही नाहीत. वाटेसाठी दशम्या आणि चटणी गल्लीतल्या पोळीभाजीवाल्या मावशींकडून घ्यायची, तेच ते चारशे. पाकिटात ३००० रुपये घालून वर ‘सहलीचं जेवण’ असं लिहिलं. उरले तर ते आपलेच. ह्यांनी पाकीट हातात घेऊन विचारलं, ‘आणि यात खाडा?’

‘आहे ना,’ मी म्हटलं, ‘त्या दिवशी स्वयंपाकघरात माझा खाडा.’

तुमच्या सहलीच्या हिशेबात तुमचा खाडा धरलाय का हो?